भिंतीवरील नियंत्रण-फलक: निवडीच्या प्रश्नाचा आढावा

दिवे, पंखे, खिडक्यांचे पडदे, वातानुकूलन, गीझर, दाराचे कुलूप आणि गच्चीवरच्या टाकीचा पंप ही साधने एखाद्या संगणकीय यंत्रणेला जोडून त्यांच्या चालू-बंद होण्याचे नियम ज्या घरात आधीच ठरवून ठेवलेले असतात, त्या घराला आता मराठीतही ‘स्मार्ट होम’ असेच म्हटले जाते. अशी घरे दोन रीतींनी उभी राहतात. एकतर एकाच कंपनीचा तयार संच तिच्या विक्रेत्याकडून बसवून घेतला जातो, किंवा निरनिराळ्या कंपन्यांची साधने एका मध्यवर्ती नियंत्रकाशी, म्हणजे घरातच ठेवलेल्या छोट्या संगणकाशी, जोडून घराच्या गरजेप्रमाणे यंत्रणा जुळवली जाते. पहिल्या रीतीत भिंतीवर काय लागणार हे कंपनी ठरवते. दुसऱ्या रीतीत तो निर्णय घरमालकावर, वास्तुविशारदावर आणि पुष्कळदा वायरमनवर येऊन पडतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार असून त्याचा विचार मुख्यतः महाराष्ट्रातील शहरी सदनिका आणि बंगले डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. या विषयावरची बरीचशी चर्चा स्क्रीनचा आकार आणि देखणेपण यांभोवती फिरते; वस्तुतः भिंतीत बसणाऱ्या वस्तूची निवड भिंतीपासून, तिच्यातल्या तारांपासून आणि तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांपासून सुरू व्हायला हवी आणि स्क्रीनचा विचार सर्वांत शेवटी यायला हवा.

हातात फोन असताना भिंतीवर वेगळे काही लावायचेच कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु फोन एका व्यक्तीचा असतो आणि खोली सगळ्यांची असते. मुक्कामाला आलेले पाहुणे, घरकामाला येणाऱ्या बाई, शाळकरी मुले किंवा दृष्टी मंदावलेले आजी-आजोबा यांपैकी कोणीही दिवा लावण्यासाठी ॲप उघडावे अशी अपेक्षा धरता येत नाही. आवाजाने आज्ञा देण्याची सोय उपयोगी पडते, पण घरात बाळ नुकतेच झोपलेले असताना तिचा उपयोग संपतो. यात भर म्हणून एक तांत्रिक अडचण आहे. ज्या घरात बल्बच ‘स्मार्ट’ घेतलेला असतो, तिथे कोणी सवयीने भिंतीवरचे साधे बटण बंद केले की बल्बचा वीजपुरवठा तुटतो आणि मग फोनवरून दिलेली आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे भिंतीवरच्या बटणाने वीज न तोडता यंत्रणेला केवळ संदेश पाठवावा, किंवा बल्ब साधाच ठेवून बटणामागे संदेश ऐकणारा रिले, म्हणजे विद्युत-आज्ञेने उघडझाप करणारा स्विच, बसवावा, असे दोनच मार्ग उरतात आणि दोन्ही मार्ग पुन्हा भिंतीकडेच येतात.

भिंतीवरच्या नियंत्रणाचा इतिहास अर्धशतकाचा आहे. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली विकसित केलेल्या एक्स-१० या पद्धतीत घरातल्या विजेच्या तारांमधूनच १२० किलोहर्ट्झ वारंवारतेचे संकेत पाठवले जात. नवी तार ओढावी लागत नसे, पण त्याच तारेवरच्या इतर उपकरणांच्या खरखरीत संकेत हरवूनही जात. युरोपने उलट वाट धरली आणि संकेतांसाठी स्वतंत्र, कमी दाबाची तार घरभर फिरवली. अशा तीन युरोपीय पद्धतींच्या एकीकरणातून १९९९ मध्ये केएनएक्स ही संघटना आणि तिचे प्रमाणक पुढे आले. अमेरिकेत क्रेस्ट्रॉन आणि एएमएक्स या कंपन्यांचे टचस्क्रीन सभागृहांत आणि धनिकांच्या घरांत दिसत, पण ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात नव्हते. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आल्यावर ही कोंडी फुटली, कारण घरच्या वापराचा टॅब्लेट भिंतीवर अडकवून तेच काम पुष्कळ कमी खर्चात होऊ लागले. २०१३ मध्ये पाउलुस स्खाउटसेन यांनी सुरू केलेल्या ‘होम असिस्टंट’ या खुल्या आज्ञावलीने मध्यवर्ती नियंत्रकही जवळजवळ फुकट करून टाकला. आज बाजारात दिसणारी फलकांची भाऊगर्दी ही या दोन घटनांची संतती आहे.

या गर्दीतून ढोबळमानाने तीन जाती वेगळ्या काढता येतात. पहिली जात बटण-फलकांची: त्यांवर चार ते आठ दाबण्याची बटणे असतात, प्रत्येक बटणाला एक दिवा किंवा एक ‘सीन’, म्हणजे ‘रात्रीचे जेवण’ किंवा ‘झोप’ यांसारखी अनेक साधनांची ठरवून ठेवलेली अवस्था, नेमून दिलेली असते. दुसरी जात सुमारे चार इंची टचस्क्रीनची. हा फलक नेहमीच्या स्विचच्या जागी भिंतीत बसतो, थेट २३० व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पोटात एक-दोन रिलेही असतात. तिसरी जात आठ ते दहा इंची स्क्रीनची, मग तो भिंतीवर अडकवलेला साधा टॅब्लेट असो की त्याच कामासाठी बनवलेला फलक असो. त्यावर दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र, टाकीतली पाण्याची पातळी, सौरऊर्जेचा हिशेब आणि घराचा नकाशा एकत्र दाखवता येतो. स्क्रीनखाली दोन-तीन खरी बटणे ठेवणारे मिश्र फलकही निघाले आहेत आणि दुसऱ्या जातीतली खऱ्या बटणांची उणीव ते बऱ्याच अंशी भरून काढतात.

निवडीचा पहिला अडथळा मात्र जातीचा नसून फलक ज्यात बसतो त्या भिंतीतल्या बॉक्सचा आहे. भारतीय घरांत मॉड्युलर पद्धतीचे बॉक्स असतात आणि ते दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा अशा मॉड्यूलच्या संख्येने मोजले जातात. परदेशातून येणारे बहुतेक फलक मात्र युरोपातल्या ६० मिलिमीटर व्यासाच्या गोल बॉक्ससाठी, अमेरिकेतल्या उभ्या आयताकृती बॉक्ससाठी किंवा ब्रिटन आणि चीनमध्ये रूढ असलेल्या ८६ मिलिमीटर चौरस पट्टीसाठी घडवलेले असतात. यांतला एकही प्रकार आपल्याकडच्या तीन मॉड्यूलच्या बॉक्सवर सरळ बसत नाही, स्क्रूची छिद्रेदेखील जुळत नाहीत, आणि मग वायरमनला भिंत फोडून नवा बॉक्स बसवावा लागतो. लांबी-रुंदीपेक्षाही खोली अधिक त्रासदायक ठरते, कारण फलकाच्या पाठीमागचा वीजपुरवठ्याचा भाग आणि जाड तारांचे वळण या दोहोंना मिळून जागा लागते, तर फ्लॅटमधील आतल्या भिंती बहुधा अर्ध्या विटेच्या असतात आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूलाही एखादा बोर्ड असण्याचा संभव असतो.

पुण्या-मुंबईच्या नव्या उंच इमारतींत हा प्रश्न आणखी कडक झाला आहे. अनेक बांधकाम व्यावसायिक आता ॲल्युमिनियमच्या साच्यांत, ज्याला बांधकामावर सरसकट ‘मायव्हान’ म्हणतात, संपूर्ण मजला भिंतींसह काँक्रीटमध्ये एकदम ओततात. तिथे बॉक्स आणि पाइप लोखंडी जाळीबरोबर आधीच बांधलेले असतात आणि भिंत नंतर फोडणे म्हणजे इमारतीच्या सांगाड्यालाच हात घालणे होय. अशा घरात फलकाची जागा सदनिकेचा ताबा मिळण्याच्या कितीतरी आधी, खरेदीदाराचा आवाज ज्या टप्प्यावर क्वचितच ऐकला जातो त्या टप्प्यावर, ठरून गेलेली असते. शिवाय काँक्रीट आणि त्यातले लोखंड बिनतारी लहरी पुष्कळ प्रमाणात अडवतात, त्यामुळे हॉलमध्ये उत्तम चालणारा वायफाय फलक शेवटच्या खोलीत वारंवार तुटतो.

बॉक्सनंतर तारांचा प्रश्न येतो. विजेच्या परिपथात पुरवठा घेऊन येणारी फेज आणि परतीची न्यूट्रल अशा दोन तारा लागतात. साधे बटण फक्त फेज तोडते, म्हणून त्याला न्यूट्रलची गरज नसते, परंतु स्वतः सतत जागा राहणाऱ्या फलकाला दोन्ही हव्या असतात. ब्रिटनमधील जुन्या घरांत दिव्याच्या बटणापाशी न्यूट्रल सहसा नसते आणि अमेरिकेने २०११ च्या विद्युत-संहितेत नव्या बांधकामासाठी ती आणण्याची अट घातली. आपल्याकडे एकाच बोर्डात बटणे आणि प्लग-सॉकेट शेजारी बसवण्याची पद्धत असल्यामुळे मुख्य बोर्डात न्यूट्रल आपसूक आलेली असते, हा भारतीय वायरिंगचा एक न गाजलेला फायदा म्हणावा लागेल. पलंगाशेजारचे टू-वे बटण किंवा जिन्यातले बटण मात्र याला अपवाद असते. न्यूट्रल नसताना चालणारी साधने मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह सतत वाहू देऊन आपली भूक भागवतात, आणि आजचे कमी वॅटचे एलईडी त्या किरकोळ प्रवाहानेही मंद पेटलेले राहतात किंवा लुकलुकतात. घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. एका बोर्डात इन्व्हर्टरची आणि थेट पुरवठ्याची अशा दोन्ही तारा आलेल्या असताना फलक जोडताना त्यांच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळल्या, तर जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तुलना करून गळती ओळखणारा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच काही कारण नसताना पडत राहतो आणि दोष फलकाच्या माथी येतो.

परदेशी फलकांच्या आराखड्यात भारतीय घरातल्या दोन वस्तू बहुधा धरलेल्याच नसतात: छताचा पंखा आणि गीझर. पंख्याला चार-पाच पायऱ्यांचा रेग्युलेटर लागतो आणि दिव्याचा डिमर त्याला जोडला तर मोटर गुणगुणते व तापते; म्हणून पंख्यासाठी वेगळे नियंत्रण-मॉड्यूल घ्यावे लागते. नव्या बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरच्या, पंख्यांचा वेग तर पुरवठा कमी-जास्त करून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या रिमोटच्या संकेतांनीच बदलतो, तेव्हा फलकाला त्या संकेतांची नक्कल करणाऱ्या दुव्याची जोड द्यावी लागते. गीझरचे गणित सोपे आहे. तीन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह ओढतो आणि छोट्या फलकातले रिले मुळात दिव्यांच्या भाराच्या हिशेबाने दिलेले असतात. असा भार फलकातून नेऊ नये. फलकाने फक्त आज्ञा द्यावी आणि प्रत्यक्ष जोड-तोड डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी असलेल्या मुख्य पेटीत, बसवलेल्या कॉन्टॅक्टरने, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या रिलेने, करावी. ज्या विक्रेत्याला हा फरक समजावून सांगता येत नाही, त्याच्याकडून काम करून न घेणेच शहाणपणाचे.

मोठ्या टॅब्लेटच्या बाबतीत अडचण भाराची नसून त्याच्या स्वतःच्या खाण्याची आहे. टॅब्लेटमधील लिथियम-आयन बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि उबदार ठेवली की तिचे वय झपाट्याने घटते आणि ती फुगते. भिंतीच्या चौकटीत घट्ट बसवलेल्या टॅब्लेटची काच अशा वेळी आतून उचलली जाते. चार्जर दिवसातून ठरावीक वेळच चालू ठेवून भरणा चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये राखणे हा यावरचा रूढ उपाय आहे. अधिक चांगला उपाय म्हणजे बॅटरीच नसलेला आणि नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणारा फलक निवडणे. ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत एकाच तारेने माहिती आणि जवळजवळ १३ वॅटपर्यंत वीज १०० मीटर अंतरापर्यंत नेता येते. त्या तारेचे दुसरे टोक जिथे असते तो नेटवर्क-स्विच आणि राउटर एवढे इन्व्हर्टरवर ठेवले की लाइट गेल्यावरही फलक जागा राहतो. विजेचा खर्च नगण्य नाही, पण भीतीदायकही नाही: सरासरी चार वॅट घेणारा फलक वर्षभरात ३५ युनिट खातो, म्हणजे प्रत्येक खोलीत एक असे पाच फलक लावणारे घर केवळ बटणे दाबण्याच्या सोयीसाठी वर्षाला १७५ युनिट मोजते.

फलक यंत्रणेशी कोणत्या भाषेत बोलतो आणि ते बोलणे घराबाहेर जाते की नाही, हा निवडीचा सर्वांत दूरगामी भाग होय. वायफायवर चालणारे स्वस्त फलक पुष्कळदा प्रत्येक आज्ञा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे पाठवून परत आणतात. इंटरनेट बंद पडले की त्यांची शक्ती अर्धी होते आणि कंपनी बंद पडली की पूर्ण संपते. ही काल्पनिक भीती नाही. नेस्ट कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह या कंपनीचे नियंत्रक २०१६ मध्ये सर्व्हर बंद करून निकामी केले गेले, आणि इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना पूर्वसूचना न देता बंद झाले. झिगबी किंवा झेड-वेव्ह या कमी विजेच्या बिनतारी पद्धतींचे बटण-फलक घरातल्या नियंत्रकाशीच बोलतात. मात्र झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक वेगळी असल्याने अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेले ९०८ मेगाहर्ट्झचे साधन भारतातल्या ८६५ मेगाहर्ट्झच्या जाळ्यात जोडता येत नाही, तो खर्च वाया जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेले ‘मॅटर’ हे सामाईक प्रमाणक घरातल्या घरात चालणारे असल्यामुळे आश्वासक आहे. केएनएक्सची तार सर्वांत टिकाऊ ठरली आहे. पाचशेहून अधिक उत्पादकांची साधने तिच्यावर एकत्र नांदतात आणि तिच्यात मध्यवर्ती मेंदू नसल्याने एक फलक बिघडला तरी बाकीचे घर चालू राहते. तिचा दोष असा, की तिची मांडणी परवाना लागणाऱ्या विशिष्ट आज्ञावलीतूनच करावी लागते आणि त्या मांडणीची फाइल बसवणाऱ्याकडे राहिली तर पुढचा प्रत्येक बदल त्याच्याच मर्जीने होतो. ती फाइल हाती आल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये.

वापरणाऱ्याच्या बाजूने पाहता बटणाला अजून तोड सापडलेली नाही. अंधारात, झोपेत, पिठाने माखलेल्या हाताने किंवा कोपरानेही दाबता येईल असे साधन स्क्रीन कधीच होऊ शकत नाही, आणि बोटातली विद्युतधारिता ओळखणारा टच ओल्या हाताने हमखास चुकतो. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दिव्यांच्या बटणांची ओळ आणि दिव्यांच्या जागा यांचा संबंध न लागणे हा मांडणीचा मूलभूत दोष म्हणून दाखवला होता आणि आपल्या प्रयोगशाळेत बटणे दालनाच्या नकाशावरच बसवून घेतली होती. हा मुद्दा टचस्क्रीनने सोडवता आला असता, कारण स्क्रीनवर घराचा नकाशा सहज काढता येतो. प्रत्यक्षात मात्र बहुतेक फलकांच्या पहिल्या पानावर घड्याळ आणि हवामान असते आणि दिवा तिसऱ्या पानावर सापडतो. उंचीचाही पेच आहे. वाचण्यासाठी स्क्रीन डोळ्यांच्या पातळीजवळ हवी, परंतु ब्रिटनचे इमारत-नियम बटणांसाठी जमिनीपासून ४५० ते १२०० मिलिमीटरचा पट्टा सांगतात आणि अमेरिकेचे अपंगांसाठीचे प्रमाणक ४८ इंचांची कमाल मर्यादा घालते. मुले आणि चाकांच्या खुर्चीवरच्या व्यक्ती यांचा विचार करता बटणे खाली आणि स्क्रीन वर अशी फारकत करणेच योग्य ठरते.

मराठी घरांच्या दृष्टीने लिपीचा प्रश्नही गौण मानता येत नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या मोठ्या फलकांवर ‘देवघर’, ‘स्वयंपाकघर’, ‘गच्ची’ ही नावे नीट उमटतात. स्वस्त छोट्या फलकांतील काही स्क्रीन मात्र प्रत्येक अक्षराचे एक ठरीव चित्र शेजारी-शेजारी मांडतात, त्यांना जोडाक्षर घडवता येत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर जाऊन पडते. तिथे नावे चित्ररूपाने बसवावी लागतात किंवा रोमन लिपीशी तडजोड करावी लागते. कोरीव अक्षरांचे बटण-फलक मागवल्यास ही अडचण उद्भवत नाही, आणि कोरून घेताना देवनागरीचा आग्रह धरणारे गिऱ्हाईक अजून विरळा असले तरी घरातल्या ज्येष्ठांसाठी तो धरण्यासारखा आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगता येईल. मायक्रोफोन किंवा कॅमेरा असलेला फलक शयनगृहात लावण्याचे सबळ कारण सापडत नाही. जुन्या अँड्रॉइडवर अडकलेल्या आणि दुरुस्त्या न मिळणाऱ्या फलकाला घराच्या नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध तोडणे इष्ट असते. कोकणपट्टीतल्या दमट हवेत आणि मुंग्या-पालींच्या सार्वत्रिक वावरात बॉक्सची न वापरलेली भोके बुजवून घेणे ही बाबही याच सदरात मोडते, कारण रिलेच्या फटीत चिरडलेली मुंगी ही बिघाडाच्या कारणांमध्ये वायरमनांना चांगली परिचित आहे.

इतक्या बाजू तपासल्यावर निवाडा फारसा कठीण राहत नाही. घरातले वायरिंग पंचवीस-तीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते आणि स्क्रीन असलेले कोणतेही साधन सात-आठ वर्षांत कालबाह्य होते, म्हणून दिव्यांचे नियंत्रण स्क्रीनवर विसंबलेले असता कामा नये. प्रत्येक खोलीत भारतीय मॉड्युलर बॉक्समध्ये बसणारी खरी बटणे आणि त्यांच्यामागे घरातल्या घरात बोलणारे रिले, गीझर-पंपासाठी डीबीतले कॉन्टॅक्टर, आणि संपूर्ण घरासाठी प्रवेशद्वाराजवळ किंवा हॉलमध्ये एकच मोठी, तारेवर चालणारी स्क्रीन, ही रचना बहुतेक मराठी घरांना पुरेशी आहे. चार इंची फलक प्रत्येक दाराशी लावण्याच्या सध्याच्या फॅशनमागे उपयोगापेक्षा हौस जास्त आहे. ज्यांच्या घराचे प्लास्टर किंवा स्लॅब अजून व्हायचा आहे, त्यांनी फलकांच्या दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलावून प्रत्येक बोर्डात, पलंगाशेजारच्या आणि जिन्यातल्या बोर्डांतसुद्धा, न्यूट्रल ओढून घ्यावी, बॉक्स शक्य तितके खोल मागावेत आणि हॉलमधल्या एका बॉक्सपासून राउटरच्या जागेपर्यंत कॅट-६ तारेचा एक पाइप टाकून ठेवावा. स्क्रीन कोणती घ्यायची हे त्यानंतर गृहप्रवेश झाल्यावर ठरवले तरी चालते.